माथेरानचे पॉइंट एका दिवसात: पैसे कुठे जातात आणि कसे वाचवायचे

माथेरानच्या एकाही पॉइंटला तिकीट नाही. लुईझा असो, इको असो की पॅनोरमा, कड्यावर उभं राहून दरी बघायचे पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका. तरीही चौघांचं कुटुंब सकाळी जाऊन रात्री परततं तेव्हा सात-आठ हजार गेलेले असतात. त्यातले निम्मे दस्तुरी नाक्यावर, जिथून पुढे गाड्या जात नाहीत तिथे, पहिल्या पंधरा मिनिटांत गेलेले असतात, कारण कुठे जायचं आणि कसं जायचं हे घरून ठरवलेलं नसतं. म्हणून आधी ठरवा, मग निघा. हीच सहल तीन हजारांत नीट होते.

खाली दिलेल्या रकमा ‘साधारण’ म्हणून धरा. रेल्वे, नगरपरिषद आणि टॅक्सीवाले अधूनमधून दर बदलतात. निघताना वीस टक्के जास्तीचे ठेवा.

नेरळपर्यंत

मुंबईकरांनी लोकलनेच जावं. मध्य रेल्वेची कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा आणि पायथ्याच्या नेरळला उतरा. दादरहून दीड-पावणेदोन तास, कल्याणहून पाऊण तास. दुसऱ्या वर्गाचं एका बाजूचं तिकीट तीस रुपयांच्या आगेमागे. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवा. संध्याकाळी नेरळच्या खिडकीवरची रांग बघून हे आठवण्यात अर्थ नाही. दादरहून सकाळी साडेसहाच्या आत निघालात तर दिवस हाती लागतो. आठला निघालात तर अर्धा दिवस रांगांमध्ये जातो.

रविवारी निघणार असाल तर शनिवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक बघून घ्या. सकाळच्या गाड्यांना सहसा धक्का लागत नाही, पण दुपारी लवकर परतायचा बेत असेल तर तो कोलमडू शकतो. नवी मुंबईतून येणाऱ्यांनी ठाण्याला गाडी बदलावी.

पुण्याहून येत असाल तर कर्जतला थांबणारी सकाळची गाडी धरा, तिथून उलट्या दिशेची मुंबई लोकल घेऊन नेरळला या. कर्जत ते नेरळ पंधरा-वीस मिनिटं. पुणे-कर्जतचं आरक्षण शनिवार-रविवारसाठी आधीच भरतं. आरक्षित डब्यात साध्या तिकिटावर चढून ‘बघू काय होतं ते’ म्हणू नका. दंडाच्या पैशात टॅक्सीचा दोन्ही वेळचा खर्च निघाला असता.

नेरळ ते दस्तुरी

स्टेशनबाहेर पडलात की समोर टॅक्सी उभ्या असतात. दस्तुरी नाका सात-आठ किलोमीटरवर, घाटातून वीस-पंचवीस मिनिटं. माणशी साधारण शंभर रुपये, एका गाडीत पाच जण. गाडी भरली की निघते. तुम्ही तिघं असाल आणि थांबायचं नसेल तर उरलेल्या दोन सीटचे पैसे देऊन निघा, पण हे ‘पूर्ण गाडी’च्या नावाखाली आठशे-हजारापर्यंत नेलं जातं. हिशेब सोपा आहे: सीटचा दर गुणिले पाच. त्यापलीकडे देऊ नका. मुलाला स्वतंत्र जागा दिलीत तर त्याचे पूर्ण पैसे पडतात. मांडीवर घेतलेल्या लहानग्याचे पडत नाहीत. बसण्याआधी बोलून घ्या.

टॅक्सीवाला चढताना फार प्रेमाने बोलू लागला, ‘वर माझा भाऊ आहे, घोड्याचं बघून देतो’ म्हणाला, तर हसून नाही म्हणा. हे आमंत्रण फुकटचं नसतं. त्याचा वाटा तुमच्या घोड्याच्या दरात मिसळलेला असतो.

स्वतःची गाडी घेऊन जाणार असाल तर तीन गोष्टी. एक, घाट छोटा पण तीव्र चढाचा आहे. पाच माणसं आणि सामान भरलेली लहान गाडी वळणावर थांबली तर पुन्हा उचलायला त्रास होतो. घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर ती नेरळला लावा आणि टॅक्सीने वर या. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवा, सतत ब्रेकवर नको. दोन, दस्तुरीचं पार्किंग शनिवार-रविवारी सकाळी दहापर्यंत भरतं, मग घाटातच गाड्या अडवतात आणि तुम्ही वळणावर तासभर उभे. तीन, पार्किंगचे पैसे वेगळे लागतात. पावती घ्या, आणि तो दर किती तासांचा आहे हे पावतीवर वाचा. परवाना, विमा आणि पीयूसी गाडीत असू द्या. आत जायला याखेरीज कुठलंही कागदपत्र लागत नाही. ओळखपत्र फक्त मुक्काम करणाऱ्यांना हॉटेलात दाखवावं लागतं.

दस्तुरी: इथे जरा थांबून वाचा

दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी मोटारवाहन जात नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी सोडली तर माथेरानमध्ये पेट्रोलवर चालणारं काही नाही. त्यामुळे उतरल्याबरोबर तुम्ही पुढच्या अडीच-तीन किलोमीटरसाठी कुणाचे तरी गिऱ्हाईक झालेले असता. तिथे जे ऐकू येईल ते असं:

‘शटल आज बंद आहे.’
‘ई-रिक्षा हॉटेलच्या बुकिंगवाल्यांनाच.’
‘बाजार इथून सात किलोमीटर, लेकरांना झेपणार नाही.’
‘पॉइंट इथूनच सुरू होतात, बाजारात काही नाही.’

यातलं कधीकधी एखादं खरं असतं, म्हणून तर चारही खपतात. दिशाभूल करून पर्यटकांना लुटलं जातं या कारणावरून मार्च २०२५ मध्ये माथेरानच्या लोकांनीच गाव बंद ठेवलं होतं. तेव्हा तुम्ही संशय घेतलात तर गावाचा अपमान होत नाही. गावाचीही तीच तक्रार आहे.

क्रम असा ठेवा. टॅक्सीतून उतरा, कुणाशीही न बोलता आधी प्रवासी कराच्या खिडकीवर जा. नगरपरिषदेचा हा कर मोठ्या माणसाला ५० रुपये, मुलाला त्याच्या निम्मा. पावती घ्या, जपून ठेवा. टॉय ट्रेनने थेट वर आलात तर हाच कर माथेरान स्टेशनवर भरायचा. कर भरला की सरळ अमन लॉज स्टेशनवर चालत जा. ते नाक्यापासून काही मिनिटांवर आहे. शटल चालू आहे की नाही, पुढची कधी आहे, हे फक्त तिकीट खिडकीवर विचारा. रस्त्यात नाही.

आता चार पर्याय.

शटल: अमन लॉज ते माथेरान, छोट्या गाडीने वीस मिनिटं. दुसऱ्या वर्गाचं तिकीट पन्नास-पंचावन्न रुपये, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं. पहिला वर्ग तीनशेच्या वर जातो. एवढ्याशा अंतरासाठी तो घेऊ नका, खिडकी दोन्हीकडे सारखीच आहे. दिवसभरात मोजक्या फेऱ्या होतात आणि सुट्टीच्या दिवशी एक गाडी भरून निघून जाते, म्हणून तासभर बसावं लागू शकतं. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत २०२० पासून बंद आहे, त्यामुळे आजी-आजोबांचं तिकीट पूर्ण.

ई-रिक्षा: डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या तेव्हा माणशी ३५ रुपये दर होता. संख्या थोडी, रांग लांब. रांगेत उभं राहणाऱ्याला मिळते, फोन करणाऱ्याला नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हाच उत्तम मार्ग. रांगेबाहेरून ‘जास्तीचे देऊन’ बसवतो म्हणणारा भेटला तर त्याला रांगेतल्या मोठ्या आवाजाच्या बाईकडे पाठवा.

पायी: पाऊण तास. रस्ता सावलीचा, चढ बेताचा. धडधाकट माणसाने किमान एका बाजूने तरी चालावंच. लाल मातीने बूट रंगतात, पांढरे घालू नका. अनेक जण रुळांवरूनच चालतात, कारण ती वाट सरळ आणि सपाट वाटते. गाडी हळू असते हे खरं, पण वळणं आंधळी आहेत आणि कडेला सरकायला काही ठिकाणी जागा नाही. रुळांच्या आजूबाजूने पायवाट आहे, तिच्यावरून जा.

घोडा: नुसतं बाजारापर्यंत जायला काही शे रुपये. फक्त या अंतरासाठी घोडा करणं म्हणजे पाण्यात पैसे.

हातरिक्षा या यादीत मुद्दाम नाही. माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत बंद करून त्या चालकांना ई-रिक्षा देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला आहे. हातरिक्षेचा बेत धरून निघू नका.

हमालाचीही गरज नाही. एका दिवसासाठी पाठीवरच्या पिशवीपेक्षा जास्त सामान नेताय का? नेत असाल तर घरीच काढून ठेवा.

टॉय ट्रेन घ्यावी का?

नेरळ ते माथेरान ही दोन फुटी रुळांवरची गाडी, १९०७ पासूनची, बघण्यासारखी आहे यात वाद नाही. पण एका दिवसाच्या सहलीत ती तुमचे पावणेतीन तास खाते. सकाळी दोनच गाड्या सुटतात. साडेआठ-नऊच्या सुमाराची पकडलीत तर वर पोहोचायला साडेअकरा, दुसरी पकडलीत तर एक वाजतो. परतीच्या गाड्या दुपारी पावणेतीन ते चारच्या दरम्यान निघून जातात. म्हणजे दोन्ही वेळा टॉय ट्रेन घेतलीत तर पॉइंट बघायला दोन-चार तास, तेही भर उन्हाचे.

तिकीट दुसऱ्या वर्गाचं शंभराच्या आत, पहिल्याचं साडेतीनशेच्या आसपास, काचेच्या व्हिस्टाडोम डब्याचं सातशेच्या वर. तिकीट नेरळच्या खिडकीवर गाडीच्या वेळेआधी मिळतं आणि जागा इतक्या थोड्या, की सुट्टीच्या दिवशी पहाटेपासून रांग असते. ‘टॉय ट्रेनचं कन्फर्म तिकीट मिळवून देतो’ असं मोबाइलवर सांगणाऱ्या कुणालाही आगाऊ पैसे पाठवू नका.

मुलांना गाडीत बसायचंच असेल तर शटलवर भागवा; डबे तेच, शिट्टी तीच. पूर्ण प्रवासाची हौस असेल तर मुक्काम करा. आणि जून मध्य ते ऑक्टोबर मध्य नेरळची गाडी पावसामुळे बंदच असते, तेव्हा फक्त शटल चालतं.

घोड्याचा व्यवहार

पॉइंट बघण्यासाठी घोडा करणं चूक नाही. चालता न येणाऱ्यांना तोच आधार आहे. चूक होते ती व्यवहार अर्धवट ठेवण्यात. अर्ध्या दिवसाच्या फेरीला एका घोड्यामागे हजाराच्या आगेमागे पडतात, सुट्टीत त्याहून जास्त मागतात. ठरवताना खालचं सगळं तोंडाने वदवून घ्या.

दर घोड्याचा की माणसाचा? किती तास? कुठून सुरू, कुठे संपणार? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. फेरी ‘बाजारात’ संपते आणि तुम्हाला दस्तुरीला जायचं असतं, मग तिथून पुढचे वेगळे पैसे. पॉइंटवर उतरून फोटो काढायचा वेळ दरात धरला आहे का? घोड्याबरोबर चालणाऱ्या माणसाला वेगळे द्यायचे का? चहापाणी, गवत, ‘खुशी’ हे शब्द शेवटी कानावर येतात. सुरुवातीलाच ‘सगळं धरून किती’ असं विचारलंत तर येत नाहीत.

सगळ्यात जास्त गंमत असते पॉइंटांच्या संख्येत. ‘बारा पॉइंट दाखवतो’ म्हणजे बारा दऱ्या नव्हेत. एकाच कड्यावर शे-दोनशे पावलांवर तीन नावं असतात. वर तलाव हा एक पॉइंट, देऊळ हा एक, बागेचा एक, आणि जाता जाता लांबून दाखवलेला एखादा बंगला हाही एक. संख्या ऐकूच नका. नावं विचारा. ‘इको, लुईझा, शार्लोट तलाव आणि लॉर्ड, तीन तास, सुरुवात बाजारातून, शेवट बाजारात’ असं बोललात की समोरचा तुम्हाला नवखा समजत नाही आणि दर आपोआप खाली येतो. ठरलेल्या दराचा फलक लावलेला असतो, त्याचा फोटो आधी काढा आणि मग बोला. परवाना क्रमांकाचाही फोटो काढून ठेवा, भांडणासाठी नव्हे. घोडेवाला सरळ असेल तर त्याला काही वाटत नाही.

दोन मुलं एका घोड्यावर बसवू नका, कितीही आग्रह केला तरी. लहान मुलाबरोबर घोड्याचा माणूस लगाम धरून चालला पाहिजे, दोन घोड्यांची दोरी एकत्र बांधून नव्हे. घोडा लंगडत असेल किंवा पाठीवर जखम असेल तर दुसरा मागा. पाऊस पडून गेल्यावर उतारावर घोडा नकोच. आगाऊ पूर्ण पैसे कधीच देऊ नका. अर्धे आधी, अर्धे शेवटी.

कुठले पॉइंट धरायचे, कुठले सोडायचे

माथेरानात अडतीसच्या आसपास पॉइंट मोजतात. एका दिवसात चार-पाच नीट बघा. सगळे बघायला निघणारा प्रत्यक्षात घोड्याची मान बघून येतो.

पहिल्यांदा जात असाल तर पश्चिमेचा पट्टा घ्या. बाजारातून शार्लोट तलावाकडे या, दोनेक किलोमीटर. शेजारी पिसरनाथाचं देऊळ आहे, माथेरानचं ग्रामदैवत. दर्शनाला पैसे नाहीत, पूजेच्या ताटाचा आग्रह असतो. तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आहे, त्यात उतरू नका. तिथून लॉर्ड पॉइंट, मग इको पॉइंट आणि कड्याने लुईझा. लुईझावरून समोर प्रबळगडाचं पठार दिसतं. हवा स्वच्छ असेल तर एवढा एकच पॉइंट सहलीचे पैसे वसूल करतो. लुईझाहून दुसऱ्या रस्त्याने बाजारात परत. ही सगळी फेरी सहा-सात किलोमीटरची, थांबत-बसत तीन-साडेतीन तासांची, आणि घोड्याशिवाय होते. रस्ते रुंद आहेत, फाट्यांवर नावांचे फलक आहेत.

दुसऱ्यांदा आला असाल तर दक्षिणेला जा: अलेक्झांडर, चौक, वन ट्री हिल. इकडे गर्दी कमी, मोरबे धरणाचं पाणी दिसतं, आणि टपऱ्याही कमी, म्हणून पाणी बरोबर घ्या. वन ट्री हिलजवळून जी वाट खाली उतरते, ‘शिवाजी लॅडर’ म्हणतात तिला, ती ट्रेकर लोकांची आहे. ‘इथून खाली गेलं की चौकला एसटी मिळते’ असं म्हणणाऱ्याच्या नादी लागून चपला घालून निघू नका.

पॅनोरमा उत्तरेच्या टोकाला, बाजारापासून पाचेक किलोमीटर. तो सूर्योदयाचा पॉइंट. सकाळी अकराला तिथे पोहोचून काय करणार? मुक्कामाच्या वेळी ठेवा.

सूर्यास्ताचा प्रश्न मात्र हिशेबाचा आहे. पॉर्क्युपाइन पॉइंटला सगळे सूर्यास्तासाठी जातात. थंडीत सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. शेवटचं शटल तोवर निघून गेलेलं असतं. म्हणजे सूर्यास्त बघितलात की अंधारात बाजारापर्यंत, मग पुढे दस्तुरीपर्यंत चाल. झाडी दाट, दिवे तुरळक. त्या वेळी घोडा किंवा रिक्षा जे मागेल ते द्यावं लागतं, आणि दस्तुरीची टॅक्सी ‘आता पूर्ण गाडीच’ म्हणते. सहा-सात जणांचा तरुण गट असेल, प्रत्येकाकडे टॉर्च असेल, तर खुशाल थांबा. बरोबर लेकरं आणि म्हातारी माणसं असतील तर साडेचारला लुईझावरचं तिरपं ऊन बघा आणि परत फिरा. फरक तासाभराचा असतो, खर्चात हजाराचा.

झाडीतून ‘शॉर्टकट’ने नेतो म्हणणाऱ्यांबद्दल: पॉइंटांच्या मधल्या पायवाटा खऱ्या आहेत, पण पावसानंतर बुजतात आणि काही थेट कड्यापाशी संपतात. एखादी वाट चुकून लागलीच तर जिथून आलात तिथेच परत जा, पुढे ‘निघेल कुठेतरी’ करू नका. मोबाइलला रेंज कड्यांवर येते-जाते. नकाशा आधी उतरवून घ्या. कठड्यापलीकडे उतरून फोटो काढू नका; पायाखालचा जांभा ठिसूळ असतो.

खाणं, पाणी, रोकड

जेवण बाजारातच करा. थाळी दीडशे ते तीनशे. ‘अनलिमिटेड’ लिहिलेलं असेल तर काय अनलिमिटेड ते विचारा. बऱ्याचदा भात आणि आमटी. पॉइंटवरच्या टपऱ्यांवर लिंबू सरबत, कणीस, मॅगी मिळते, आणि दर खालच्यापेक्षा जास्त असतो. घोड्यावरून किंवा डोक्यावरून सामान आणलेलं असतं, तेव्हा चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. पण आधी विचारून. पाण्याच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त मागितले तर ती बाटली ठेवा आणि पुढच्या टपरीवर जा. माणशी एक लिटर घरून आणलंत तर हा वादच नाही.

माकडं पिशवी ओळखतात. प्लॅस्टिकची पिशवी हातात दिसली की गेलीच. खाणं बंद बॅगेत ठेवा, चष्मा सांभाळा. माकडांसाठी चणे विकत घेऊ नका. दहा रुपयांचे चणे आणि शंभराचं आइस्क्रीम दोन्ही जातात.

स्वच्छतागृह बाजारात आणि स्टेशनाजवळ वापरून घ्या. पॉइंटांवर भरवसा नाही. सुटे पैसे ठेवा, शंभर आणि पन्नासाच्या नोटा. यूपीआय बहुतेक ठिकाणी चालतं, पण रेंज गेली की घोडेवाल्याला पाचशेची नोट द्यावी लागते आणि सुटे नसतात. एटीएम बाजारात आहे. सुट्टीच्या दुपारी त्यात पैसे असतीलच असं नाही.

मध, चिक्की आणि चपला. ‘जंगली मध’ म्हणून बादलीतून पोळ्यासकट विकतात तो घेऊ नका, त्यात साखरेचा पाक असू शकतो आणि घरी गेल्यावर तक्रार कुणाकडे करणार? चिक्की चाखून घ्या, वजन समोर करून घ्या, खोक्यासकट वजन होऊ देऊ नका. चपलांच्या दुकानात पहिला भाव निम्म्यावर येतो. दोन दुकानं फिरा.

काही पॉइंटांवर दोरावरून दरी ओलांडायचे खेळ असतात, काही शे रुपयांचे. पैसे देण्याआधी दोन गोष्टी बघा: कमरेला आणि वेगळ्या दोरीला असं दुहेरी बांधतात का, आणि हेल्मेट देतात का. एकाचंही उत्तर नाही आलं तर पुढे चला.

कधी जायचं

ऑक्टोबरअखेर ते जानेवारी, तेही आठवड्याच्या मधल्या दिवशी. मंगळवारी किंवा बुधवारी रजा टाकून गेलात तर शटलला जागा, घोडेवाल्याचा सूर मऊ, पॉइंट रिकामे. दिवाळीनंतरचा आठवडा आणि २५ डिसेंबर ते १ जानेवारी टाळा. एप्रिल-मेमध्ये सावलीत बरं वाटतं, पण दरीत धुरकट दिसतं आणि गर्दी शाळांच्या सुट्टीची. पावसाळ्यात झाडी देखणी, हवा गार. पण पॉइंट बघायला गेलात तर समोर पांढऱ्या ढगाशिवाय काही नसेल. धुक्यात फिरायला जायचं असेल तर जा, दऱ्या बघायला जाऊ नका. पावसाळी दिवशी छत्री निरुपयोगी, रेनकोट आणि पकड असलेले बूट लागतात. दस्तुरीला भाड्याने रेनकोट-बूट मिळतात. घ्यायचेच तर अनामत रक्कम किती आणि फाटला तर किती, हे विचारून.

चौघांचा हिशेब

दोन मोठे, दोन मुलं, दादरहून लोकलने. लोकल दोन्ही बाजूंची मिळून दोनशेच्या आत. टॅक्सी चार सीट, जाऊन-येऊन आठशे. प्रवासी कर दीडशे. शटल दोन्ही वेळा साडेतीनशे. एका बाजूने चाललात तर निम्मे वाचले. जेवण हजार, सरबत-चहा-कणीस तीनशे. बेरीज २,८०० रुपये. यात चार घोडे घातलेत तर सात हजारांच्या घरात. फक्त एकासाठी घोडा आणि बाकीचे पायी, असं केलंत तर चार हजारांत निभावतं. स्वतःच्या गाडीने आलात तर टॅक्सीचे आठशे वाचतील, पेट्रोल आणि पार्किंगमध्ये त्याहून जास्त जातील.

परतताना बाजारात आल्याबरोबर माथेरान स्टेशनच्या खिडकीवर शटलची चौकशी करा, सहाला नव्हे. गाडी भरली असेल तर उजेड असेपर्यंत चालायला लागा. उतार आहे, पस्तीस-चाळीस मिनिटांत दस्तुरी येते. तिथे टॅक्सीची रांग असते, ती सोडून बाजूला उभ्या गाडीशी बोलू नका. रांगेतली गाडी सीटवर नेते, बाजूची ‘स्पेशल’ असते. कुणी अडवलं, ठरल्यापेक्षा जास्त मागितलं किंवा घोड्यावरून उतरू दिलं नाही तर दस्तुरीच्या पोलीस चौकीत जा आणि पोलिसांचा ११२ लावा. दरफलकाचा आणि परवान्याचा फोटो तेव्हा कामाला येतो. नेरळहून मुंबईकडे लोकल रात्री उशिरापर्यंत असतात, मात्र दोन गाड्यांमध्ये बरंच अंतर पडतं. टॅक्सीत बसल्या बसल्या पुढची वेळ बघा, आणि ती दहा मिनिटांवर असेल तर चालकाला उगाच घाई करायला लावू नका. पुढची मिळेल.